नोएलियासाठी एक्केचाळीस सूचना

जर्मनीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाने कसं वागावं, हे सांगायला मी लायक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी बाखिंगेनमध्येच जन्मलो, अठ्ठ्याहत्तर वर्षं इथेच राहिलो, आणि अजूनही बेकरीत माझी पाळी आली की काय मागायचं होतं ते विसरतो आणि समोर दिसेल तो पाव घेऊन घरी येतो. नगरवाचनालयात चौतीस वर्षं मी सहायक ग्रंथपाल होतो. त्यातही पुस्तकांची कार्डं लिहिण्याचं काम आतल्या खोलीत बसून करायचं असे, म्हणून ते मी मागून घेतलं होतं. अशा माणसाला जगात वावरण्याबद्दल सल्ला विचारायचा म्हणजे विचारणाऱ्याकडे दुसरं कोणीच नसलं पाहिजे.

नोएलियाकडे खरोखरच दुसरं कोणी नव्हतं. माझी थोरली बहीण वाल्बुर्गा, आम्ही तिला बुर्गी म्हणायचो, साठ वर्षांपूर्वी लग्न करून अर्जेंटिनाला गेली आणि परत आली नाही. नोएलिया तिच्या मुलीची मुलगी. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिचं पत्र आलं. बुर्गी जुलैमध्ये गेली हे मला कळलं होतं. पत्रात पुढचं होतं. 'आजीने शेवटच्या आठवड्यात एकच गोष्ट मागितली. मला माझ्या आईजवळ ठेवा म्हणाली. इकडे तिचं दहन झालंय. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी मी तिला घेऊन येते, दहा दिवस राहते. मामाआजोबा, मी कधी देशाबाहेर पडलेली नाही. तिथे कसं वागायचं ते थोडं लिहून पाठवाल का? माझ्यामुळे तुमची मान खाली जायला नको.'

मी त्याच दिवशी एक पान लिहिलं. सात सूचना होत्या. रविवारी दुकानं बंद असतात, पाव शनिवारीच घ्यावा. खिशात थोडे रोख पैसे असावेत. गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात तिकिटावर शिक्का मारावा. कोणाचा वाढदिवस असेल तर आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, अपशकुन मानतात. अशा साध्या गोष्टी. ते पान पाकिटात घालून मी तसंच टपालपेटीत टाकलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण तिसऱ्या सूचनेबद्दल मला शंका वाटली (मला बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीबद्दल शंका वाटते), म्हणून मी ते हेबर्लेबाईंना दाखवलं.

हेबर्लेबाई तळमजल्यावर राहतात. वय एक्क्याऐंशी. आमच्याकडे जिना आणि समोरचा पदपथ झाडण्याचा आठवडा प्रत्येक घराला आळीपाळीने येतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. हेबर्लेबाई आपल्या आठवड्यात झाडतात आणि उरलेल्या सगळ्या आठवड्यांत तपासतात. त्यांनी पान वाचलं, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"अहो आयशेले, यात जिना कुठाय?"

"जिना?"

"पोरगी दहा दिवस राहणार. मधे पाटी तुमच्या दाराला लागतेय. झाडणार कोण? मागच्या खेपेला तुमच्या गुडघ्यांनी कठड्याखालचं सगळं तसंच ठेवलं होतं. मी एक शब्द बोलले नाही."

त्या बोलल्या नव्हत्या हे खरं आहे. गावातल्या नऊ जणांनी मला ते सांगितलं, पण त्या बोलल्या नव्हत्या.

जिन्याच्या तीन सूचना वाढल्या. दुपारी एक ते तीन शांततेच्या दोन वाढल्या. कचऱ्याच्या पाच वाढल्या, कारण आमच्याकडे दह्याच्या डब्याचं झाकण वेगळं आणि डबा वेगळा जातो आणि काचेच्या बाटल्या रविवारी टाकल्या तर आवाज होतो म्हणून ते चालत नाही. मग हेबर्लेबाईंनी ते पान श्ट्रोबेलसाहेबांकडे नेलं. श्ट्रोबेलसाहेब दुसऱ्या मजल्यावर राहतात, करखात्यातून निवृत्त झालेत आणि येताना तिथली लाल पेन्सिल घेऊन आलेत.

"चौथी सूचना मोघम आहे," ते म्हणाले. "'वेळेवर यावं.' म्हणजे काय? पाच मिनिटं आधी? ठोक्याला? तिकडची मुलगी आहे, तिला काय समजणार?"

"ठोक्याला लिहू का?"

"ठोक्याला लिहिलंत आणि ती दाराबाहेर दोन मिनिटं उभी राहिली तर? जिन्यात कारणाशिवाय थांबता येत नाही. आणि कागदपत्रांचं काय? आयशेले, तुम्ही परदेशी माणसाला कागदांशिवाय बोलावताय?"

कागदांचा भाग त्यांनी स्वतः लिहून दिला. एकोणीस दाखले. जन्माचा, लशींचा, शाळा सोडल्याचा, पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा, आणि ती सध्या जिथे राहते तिथे ती खरंच राहते असा घरमालकाचा. प्रत्येकाची शिक्का मारलेली प्रत. मला वाटलं, इतकं कशाला? पण श्ट्रोबेलसाहेबांसमोर मला वाटलेलं बाहेर यायला साधारण तीन दिवस लागतात, आणि तोवर त्यांनी पान टंकित केलं होतं.

ऑक्टोबरमध्ये इमारतीची वार्षिक सभा झाली. तिच्यात सायकली ठेवायची जागा आणि छपरावरचं शेवाळ यांच्या मधला विषय म्हणून आमच्या सूचना घेतल्या गेल्या, कारण पाहुणी सामायिक जिना वापरणार होती. तिसऱ्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिकेने हरकत घेतली, की 'शेजाऱ्यांना शांतता प्रिय आहे' हे वाक्य तिच्यावर रोख धरून लिहिलं आहे. अर्धा तास वाद झाला. शेवटी मतदान. अकरा बाजूने, एक विरुद्ध, एक तटस्थ. तटस्थ मी होतो.

अशा रीतीने एक्केचाळीस सूचना टपालाने गेल्या.

नोएलिया आली त्या रविवारी पाऊस होता. मी स्थानकावर पाऊण तास आधी पोचलो होतो. सव्वीस वर्षांची, बारीक चणीची मुलगी, पाठीवर पिशवी, हातात सूटकेस. तिने माझा हात धरला, माझ्या डोळ्यांत पाहिलं (सूचना नववी) आणि आमच्या गावच्या बोलीत म्हणाली, "नमस्कार, मामाआजोबा. प्रवास नीट झाला." बुर्गीने तिला शिकवलेली बोली साठ वर्षांपूर्वीची होती. माझी आई असंच बोलायची. मी घाईने तिची सूटकेस उचलायला गेलो आणि सूटकेस माझ्या पायावर आपटली.

आमच्या इमारतीसमोर रस्ता ओलांडायचा दिवा आहे. तो लाल होता. आम्ही थांबलो. रस्त्यावर एक गाडी नाही, एक माणूस नाही. पाच मिनिटं झाली. दिवा लालच. पाऊस वाढला. समोर तळमजल्याची खिडकी उघडली.

"अहो, तो कालपासून बिघडलाय!" हेबर्लेबाई ओरडल्या. "या ना सरळ! पोरगी भिजतेय!"

मी पाऊल उचललं.

"मामाआजोबा," नोएलिया हळूच म्हणाली, "सहावी सूचना."

सहावी सूचना माझीच होती. 'रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्यावर थांबावं. लहान मुलं पाहत असतात.' लहान मुलं नव्हती. पण लिहून पाठवलेलं पहिल्याच दिवशी मोडायचं म्हणजे बाकीच्या चाळिसांचं काय राहिलं? आम्ही वळलो आणि चर्चपर्यंत मागे जाऊन, तिकडच्या चांगल्या दिव्याने ओलांडून, वीस मिनिटांनी घरी पोचलो. जिन्यात बूट काढताना तिने पाठीवरची पिशवी आधी अलगद खाली ठेवली आणि म्हणाली, "आजी पण भिजली."

मंगळवारी आम्ही दफनभूमीच्या कार्यालयात गेलो. ते मंगळवारी आणि गुरुवारी साडेआठ ते साडेअकरा उघडं असतं. तिथे ओस्टर्लेबाई बसतात. त्यांचा आवाज फार मऊ आहे, त्यामुळे त्या काय सांगताहेत ते थोडं उशिरा लक्षात येतं.

"दहनाचा दाखला द्या," त्या म्हणाल्या.

नोएलियाने फाईल उघडली. एकोणीस कागद, क्रमाने, प्रत्येकावर शिक्का. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. "तो यादीत नव्हता," ती म्हणाली.

"कुठल्या यादीत?"

तिने सूचना टेबलावर ठेवल्या. ओस्टर्लेबाईंनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. "छान केलीय," त्या म्हणाल्या. "दह्याच्या झाकणाचं तर आमच्या घरीही कोणाला माहीत नाही. पण दहनाच्या दाखल्याचं यात काही नाही."

"नाही," मी म्हणालो.

मुलगी आजीची राख घेऊन येणार, एवढ्यासाठीच येणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तेरा जणांनी त्यावर मतदान केलं होतं. एक्केचाळीस सूचनांत आजीबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि नोएलियाचा समज असा झाला, की इतकी पूर्ण यादी करणाऱ्या लोकांनी जे लिहिलं नाही ते लागतच नसणार. मला तिची चूक वाटत नाही. मीही तसंच समजलो असतो.

"दाखला मागवता येईल," ओस्टर्लेबाई म्हणाल्या. "मूळ प्रत आणि शपथबद्ध अनुवाद. महिना-दीड महिना धरा. आता कबर बघू." त्यांनी संगणकात पाहिलं आणि त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "एकशे चौदा. श्रीयुत आयशेले, या कबरीची मुदत तीस सप्टेंबरला संपली."

"मुदत?" नोएलियाने विचारलं.

"कबर इथे कायमची नसते, बाळ. तीस वर्षांसाठी मिळते. संपायच्या आत अर्ज केला तर वाढते. नाहीतर दोन डिसेंबरपासून आम्ही त्या ओळी मोकळ्या करतो. दोन पत्रं पाठवली होती. दगडावर पिवळी चिठ्ठी पण चिकटवली होती, कार्यालयात येऊन भेटा म्हणून."

ती चिठ्ठी मी पाहिली होती. आता हे सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये पाहिली. आईच्या कबरीवरचा आयव्हीचा वेल शेजारच्या कबरीत शिरला होता, आणि चिठ्ठीवर 'कृपया कार्यालयात भेटावे' असं दिसल्यावर मी पुढचं वाचलंच नाही. मला वाटलं, वेलाची तक्रार आहे. बोलावून घेऊन चार लोकांत सांगणार. मी घरी जाऊन कात्री आणली आणि वेल कापला. मे महिन्यात गेलो तर चिठ्ठी तशीच. मी आणखी कापला. जूनमध्ये वेलाचं एक पान शिल्लक नव्हतं आणि चिठ्ठी होतीच. मग मी जाणं बंद केलं. पत्रं आली तीही त्याचीच असणार म्हणून उघडली नाहीत. आणि तीस सप्टेंबरला मी काय करत होतो ते मला नक्की आठवतं. बत्तिसावी सूचना लिहीत होतो. हिवाळ्यातही खिडक्या दिवसातून दोनदा उघडाव्यात, हवा खेळती राहते.

हे सगळं मी ओस्टर्लेबाईंना सांगितलं नाही. "माझ्या लक्षात आलं नाही," एवढंच म्हणालो.

"आणि अस्थी सध्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे अस्थी घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे. मी 'वाटेत आहेत' म्हणणार होतो. आयुष्यातलं पहिलं सरकारी खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अकराव्या सूचनेत श्ट्रोबेलसाहेबांनी लिहिलं होतं, की कार्यालयात विचारतील त्याचं खरं उत्तर द्यावं. नोएलियाने पिशवी उघडली आणि टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला. तिकडच्या 'माते' नावाच्या चहाचा. त्यावर घोड्यावर बसलेला एक गुराखी टोपी उंचावत होता.

"लाकडी पेटी दिली होती," ती म्हणाली, "पण आजी रोज सकाळी यातलाच चहा प्यायची."

ओस्टर्लेबाईंनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. "हे मला ठेवून घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "घरी नेता येणार नाही."

"काल माझ्या उशाशी होती."

"ते मी ऐकलं नाही."

त्यांनी पावती लिहिली. 'पत्र्याचा डबा एक. आत सदर व्यक्तीची आजी असल्याचे सांगण्यात आले.' मग उठून डबा मागच्या राखाडी कपाटात ठेवला, खालून दुसऱ्या कप्प्यात, आणि किल्ली फिरवली. नोएलिया रडली नाही. तिने विचारलं, "भेटायला येता येईल?"

"मंगळवार आणि गुरुवार," ओस्टर्लेबाई म्हणाल्या. "साडेआठ ते साडेअकरा."

गुरुवारी ती गेली. कपाटासमोर खुर्ची घेऊन बसली आणि साडेअकराला घरी आली. दुपारी तिने जिना झाडला. कठड्याखालचंही. हेबर्लेबाई तपासायला आल्या आणि काही न सापडल्यामुळे पायरीवर बसून राहिल्या.

"मला कोणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "डबा तेवढा बाहेर काढा. खुरप्याने वीतभर खणायचं, आत ठेवायचं, वर फुलझाड लावायचं. कोण बघतंय?"

"मी बघतोय," श्ट्रोबेलसाहेब वरच्या मजल्यावरून म्हणाले. त्यांनी कबर मोकळी करण्यावर सहा पानांची हरकत लिहिली होती आणि ती द्यायला खाली येत होते. तिला उत्तर सोमवारी आलं. मुदतवाढीचे उशिरा आलेले अर्ज समिती एकवीस जानेवारीला घेईल. मात्र तोपर्यंत सदर कबर अस्तित्वात नसल्यामुळे समितीला तिचा विचार करता येणार नाही. श्ट्रोबेलसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

त्याआधी रविवारी मृतांचा दिवस होता. सगळं गाव देवदाराच्या फांद्या घेऊन दफनभूमीत. आमच्या कबरीवरही हेबर्लेबाईंनी फांद्या रचल्या, पिवळ्या चिठ्ठीच्या खालपर्यंत नीट टोकं जुळवून. आठ दिवसांत ते सगळं उचललं जाणार होतं. नोएलियाने दगडावरचं माझ्या आईचं नाव बोटाने वाचलं. बाजूच्या कबरीवाले आम्हाला वाकून अभिवादन करत होते. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो.

बुधवारी ती निघाली. मी स्थानकावर गेलो. ती माझ्यावर चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने माझा मफलर नीट केला.

"आजीला कपाटात ठेवून चाललेय मी," ती म्हणाली.

"मी बघतो," मी म्हणालो. असं मी कोणाला याआधी म्हटलेलं मला आठवत नाही.

"आजी तुमची गोष्ट सांगायची. बोट सुटली त्या दिवशी सगळे धक्क्यावर आले होते, फक्त तुम्ही नव्हता. म्हणायची, माझा भाऊ गर्दीला घाबरला, गाडीतच बसून राहिला. खूप हसायची सांगताना."

गाडी आली. ती हसली म्हणून मीही हसलो. बुर्गी जिथे हसायची, तिथे मला साठ वर्षं काय वाटत आलंय, हे त्या मुलीला कसं कळणार होतं?

दोन डिसेंबरला मी दफनभूमीत गेलो. हेबर्लेबाई आणि श्ट्रोबेलसाहेब न सांगता बरोबर आले. छोट्या यंत्राने पट्टा लावून दगड उचलला आणि ट्रकमध्ये ठेवला. काम करणाऱ्या माणसाला हेबर्लेबाईंनी विचारलं, दगडाचं पुढे काय होतं. "फोडून रस्त्याखाली जातो, बाई," तो म्हणाला. "चांगला ग्रॅनाइट आहे." मला विचारायचं होतं ते मी विचारायला लागलो आणि थांबलो. त्याला बहुधा लोक नेहमी तेच विचारत असणार. "खालचं आम्ही हलवत नाही, काका," तो म्हणाला. "फक्त वरचं नेतो."

घरी येऊन मी दफनभूमीची नियमावली वाचायला घेतली. मला जगातलं फारसं काही येत नाही, पण कोणी पूर्ण न वाचलेली पुस्तकं शेवटपर्यंत वाचता येतात. बासष्ट कलमं. एकोणिसावं असं होतं, की सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हयातीतच स्वतःसाठी रिकामी जागा घेता येते, आणि त्या जागेत कोणत्या नातेवाइकाला ठेवायचं ते त्याने ठरवायचं. मी ते चार वेळा वाचलं. मग जानेवारीत मोकळ्या झालेल्या जागांची यादी लागली, त्या मंगळवारी साडेआठला मी ओस्टर्लेबाईंच्या दारात होतो.

"मला कबर हवी आहे," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. बाहेरच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. एकशे चौदा."

ओस्टर्लेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "ती नवी जागा धरली जाते," त्या सावकाश म्हणाल्या. "आधी तिथे कोणी होतं असं नोंदीत राहत नाही. दगडावर तुमच्या आईचं नाव घालता येणार नाही."

"ठाऊक आहे."

"तब्येत कशी आहे तुमची? अर्जात विचारावं लागतं."

"साधारण," मी म्हणालो. खरंच साधारण आहे. मी सही केली.

दाखला फेब्रुवारीत आला, अनुवादाला तीन आठवडे गेले. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी आम्हाला वेळ मिळाली. आठ चाळीस ते नऊ. पुढची मंडळी नऊला होती. खड्डा इतका लहान होता की हेबर्लेबाई म्हणाल्या, यापेक्षा मोठा खड्डा मी कांद्यांसाठी खणते. डबा आता नियमाप्रमाणे कलशात होता. डबा आख्खा आत बसेल एवढा मोठा कलश ओस्टर्लेबाईंनी शोधून काढला होता आणि त्याबद्दल कोणालाही काही लिहून दिलं नव्हतं. कामगाराने तो दोरीने खाली सोडला. खाली, अजून जरा खाली, माझी आई होती.

"कोणी बोलणार आहे?" कामगाराने विचारलं.

श्ट्रोबेलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशात चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या बाहेर काढल्या नाहीत. मी बोललो. साठ वर्षांचं होतं, ते एकाला एक लागून निघत गेलं, आणि मोठ्याने निघालं. मधे कधीतरी फाटकापाशी पुढची मंडळी येऊन उभी राहिली. काळे कोट, हातात पुष्पचक्रं, वीस-पंचवीस माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती. चर्चच्या घड्याळात नऊचे ठोके पडले. श्ट्रोबेलसाहेब खाकरले. कामगार फावडं घेऊन एक पाऊल पुढे आला.

"थांबा," मी म्हणालो.

तो थांबला. फाटकातली माणसंही थांबली. मी बुर्गीला राहिलेलं सांगायला लागलो.